ओरिजिनल कागदपत्रं परदेशात पाठवायचीत, साध्या टपालाने टाकू का?

तुमचा प्रश्न असा की पदवीचं ओरिजिनल सर्टिफिकेट आणि जन्मदाखला परदेशात भावाकडे पाठवायचाय, कुरियरवाल्यांचे आकडे ऐकून गरगरायला झालंय, तर साध्या टपालाने टाकलं तर चालेल का. साध्याने नको, त्यात तुमच्या पाकिटाची कुठे नोंदच होत नाही, हरवलं तर विचारायचं कोणाला? पण म्हणून लगेच कुरियरकडेही धावू नका, मधे दोन पायऱ्या आहेत आणि बहुतेकांचं काम तिथेच भागतं.

त्याआधी भावाला सांगा की ज्या ऑफिसला कागद हवेत त्यांना ईमेलवर विचार, खरंच ओरिजिनलच लागतं का. पुष्कळ ठिकाणी साक्षांकित प्रत चालते नाहीतर विद्यापीठाने परस्पर पाठवलेलं चालतं. आणि अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मिळणारा सरकारी दाखला, लागणार असेल (१९६१ च्या हेग करारातली भानगड) तर तो ज्या देशाने कागद दिला त्या देशातच होतो, त्यामुळे तो आधी उरका, नाहीतर कागद तिकडे गेला, परत आला, पुन्हा गेला असा तीन फेऱ्यांचा खर्च बसतो.

आता पायऱ्या. पहिली रजिस्टर्ड पत्र, २ किलोपर्यंत जातं, नंबर मिळतो, घेणाऱ्याची सही होते, स्वस्त पण निवांत. दुसरी ईएमएस, म्हणजे टपाल खात्यांचीच जलद सेवा, देशागणिक नाव वेगळं असू शकतं पण काउंटरवर ईएमएस म्हटलं की कळतं. तारखेची बोंब नसेल तर मी डोळे मिटून ईएमएस करतो. कुरियर कधी, तर अमुक तारखेच्या आत कागद टेबलावर पाहिजेच असेल तेव्हा, कारण तिथे इथून तिथपर्यंत जबाबदारी एकाच कंपनीची असते. गंमत म्हणजे डीएचएल १९६९ साली सुरू झाली तीच कागदांसाठी, जहाज सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलूला पोचायच्या आधी त्याची कागदपत्रं विमानाने पुढे न्यायची म्हणजे कस्टम्सचं काम आधीच सुरू.

टपालाच्या नंबराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझा जीव एकदा आठ दिवस टांगणीला लागला होता. नंबर १३ खुणांचा असतो, दोन अक्षरं, नऊ अंक आणि शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. सुरुवातीला आर असेल तर रजिस्टर्ड, ई असेल तर ईएमएस. मला काउंटरवरून हाताने लिहिलेली पावती मिळाली आणि साइट म्हणे असा नंबरच नाही. पाकीट गेलं असं धरूनच चाललो होतो, शेवटी लक्षात आलं की मी १ चा ७ वाचतोय! हे घरबसल्या तपासता येतं कारण नऊतला शेवटचा अंक आधीच्या आठांवरून काढलेला असतो. समजा ४७३१२४८२९ आहे. पहिल्या आठ अंकांना ओळीने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणा, बेरीज २००, तिला ११ ने भागलं की बाकी २, अकरातून दोन गेले ९, जुळलं. (वजाबाकी १० आली तर ० धरायचा, ११ आली तर ५.) तोच १ तुम्ही ७ वाचलात तर उत्तर ८ येतं आणि चूक तिथेच कळते.

आणखी एक, देशाबाहेर पडल्याची नोंद झाली की ट्रॅकिंग मुकं होतं, कधी कधी बरेच दिवस. घाबरायचं नाही, समोरच्या देशात उतरून स्कॅन होईपर्यंत सांगण्यासारखं काही नसतंच. नंतर तोच नंबर तिकडच्या टपाल खात्याच्या साइटवर टाका, तिथे जास्त तपशील दिसतात.

माझ्या मते खरं घोडं अडतं ते पत्त्यावर. फ्लॅट नंबर राहतो, दारावर नाव भलत्याचंच असतं, दिवसा घरी कोणी नसतं, मग पाकीट मुदत संपेपर्यंत पडून राहतं आणि उलट्या पावली परत येतं. भावाचा मोबाईल नंबर लिहाच, देशाचं नाव शेवटच्या ओळीत मोठ्या अक्षरात, आणि कुरियर करणार असाल तर पोस्ट बॉक्सचा पत्ता देऊ नका, सही घ्यायला तिथे माणूस नसतो.

पॅकिंगचं फार काही नाही. प्लास्टिकचं कव्हर, दोन्ही बाजूंना पुठ्ठा, घडी नको, आत दोन्ही पत्त्यांची चिठ्ठी. लॅमिनेशन मात्र अजिबात करू नका, शिक्का हाताला लागत नाही म्हणून कागद नाकारतात. फॉर्मवर आत काय आहे त्या रकान्यात ‘खासगी कागदपत्रं, विक्रीसाठी नाहीत’ एवढंच लिहा, बाहेर महत्त्वाचं, ओरिजिनल असलं काही नको, उगाच कशाला कोणाची नजर. आणि त्यात भावाला खर्चायला म्हणून नोटा सरकवू नका, टपालाच्या नियमात बसत नाही.

नुकसानभरपाईवर विसंबू नका, ती मिळाली तरी डुप्लिकेट सर्टिफिकेटसाठीचे हेलपाटे तुम्हालाच. आधी सगळं स्कॅन करा, पावतीचा फोटो काढून भावाला पाठवा आणि पावती जपून ठेवा. नाहीच पोचलं तर रजिस्टर्डसाठी टाकल्यापासून ६ महिन्यांच्या आत चौकशीचा अर्ज द्यायचा (ईएमएसची मुदत टाकतानाच काउंटरवर विचारून घ्या), आणि तो तिकडे भावाने नाही, जिथून पाठवलं तिथे तुम्ही द्यायचा.