‘टेबल’ला तमिळमध्ये काय म्हणावे?

शब्दकोशातला पहिला प्रतिशब्द उचलून तोच सर्वत्र वापरणे ही तमिळ शिकणाऱ्यांची नेहमीची चूक आहे, म्हणून आरंभी इंग्रजी ‘टेबल’ या शब्दाचे तीनच अर्थ पक्के करावेत.

- जेवायचे वा लिहायचे टेबल म्हणजे ‘मेसै’. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला असून, तो लिहिताना ‘च’चे अक्षर येत असले तरी दोन स्वरांमध्ये ते ‘स’ असेच वाचावे.
- रकान्यांचा तक्ता म्हणजे ‘अट्टवणै’.
- पाढे म्हणजे ‘वाय्प्पाडु’. ‘वाय्’ म्हणजे तोंड, आणि पाढे तोंडपाठच करायचे असल्यामुळे हा शब्द सहज लक्षात राहतो.

विधेयक मांडणे, भूजलपातळी वगैरे अर्थांच्या मागे तूर्त लागू नये. ‘पुत्तगम् मेसै मेल् इरुक्किरदु’, म्हणजे पुस्तक टेबलावर आहे, हे वाक्य मात्र आजच मोठ्याने म्हणून पाहावे. आपल्याला ते नक्की जमेल.