घोडबंदर रोडवर रोज चालणाऱ्या टर्बो डिझेल फोर बाय फोरला कोणता इंटरकूलर बसवावा?

रोज घोडबंदर आणि सुट्टीला माळशेज, असं असेल तर पुढे ग्रिलमागे बसणारा घ्या. इंजिनच्या डोक्यावरचा इंटरकूलर गायमुखच्या चढाला गाडी रांगत असताना खालच्या उष्णतेने स्वतःच तापतो. मग टर्बोतून १०० अंशांच्या वर तापून आलेली हवा तो थंड करणार कशी?

पण पुढचाही फार जाड नको. रेडिएटर आणि एसी कंडेन्सरची हवा अडते, मे महिन्यात टेंपरेचरचा काटा वर जातो. जाडीपेक्षा उंची-रुंदी वाढवा. पाइप शक्य तितके आखूड ठेवा, नाहीतर टर्बो उशिरा उचलतो. दगडधोंड्यांत जात असाल तर बार अँड प्लेट, म्हणजे जाड पट्ट्या आणि पत्रे जोडून केलेला इंटरकूलर. जड असतो, पण मार सोसतो.

त्याआधी, कृपा करून, इंटरकूलरला जोडलेले जुने होज, म्हणजे हवेचे रबरी पाइप, उतरवून बघा. माझ्या गाडीत क्लॅम्पखाली नखाएवढी चीर होती, भोवती तेलकट काळा थर. होज बदलला आणि गाडी पुन्हा ओढायला लागली. ताकद वाढवायला इंजिनचं ट्यूनिंग केलेलं नसेल तर कंपनीचाच इंटरकूलर साफ करून पुरतो, असं माझं ठाम मत आहे. प्रेशर वॉशर मात्र लांबूनच मारा, बारीक पाती लगेच वाकतात.