मालकाच्या नावात दडलेला पाव

तुम्ही विचारलंय, 'लॉर्ड आणि लेडी हे दोन्ही शब्द पावावरून आलेत' हा फिरत आलेला मजकूर खरा की थाप? असल्या मजकुरावर माझा एरवी काडीचा विश्वास नसतो, पण हा चक्क खरा आहे. फक्त त्यात घरातली दोनच माणसं आलीत, तिसरं बाहेरच राहिलंय. मला सगळ्यात आवडतं ते तिसरंच.

मुळात शब्द आहे 'ह्लाफ'. साधारण इ.स. ११०० पर्यंतच्या जुन्या इंग्रजीत ह्लाफ म्हणजे पाव. आजचा 'लोफ' तोच, पण आज तो एका अख्ख्या पावापुरता उरलाय. तेव्हा त्याला आपल्या 'भाकरी'चं वजन होतं. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' या ख्रिस्ती प्रार्थनेत भाकरीच्या जागी जुन्या इंग्रजीत ह्लाफच आहे.

त्याला 'वेअर्ड' म्हणजे राखणारा जोडला की झाला 'ह्लाफवेअर्ड', पाव राखणारा. बोलता बोलता त्याचं ह्लाफोर्ड झालं, मग सुरुवातीचा ह गळाला, मधल्या फ चा उच्चार व्ह सारखा होताच, तोही विरला आणि उरला लॉर्ड. कुंभकाराचा कुंभार आणि सुवर्णकाराचा सोनार कसा झाला ते आठवा, म्हणजे यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच की कुंभारात कुंभ अजून दिसतो, लॉर्डमधला पाव मात्र पार दिसेनासा झालाय.

लेडी म्हणजे 'ह्लॅफदिगे'. यातला दुसरा तुकडा मळणाऱ्या बाईचा. पिठाच्या गोळ्याला इंग्रजीत 'डो' म्हणतात, तो याच कुळातला. आणि संस्कृतातला 'दिह्' म्हणजे लिंपणे हा धातूही. म्हणजे आपला 'देह' लेडीचा लांबचा नातेवाईक लागतो! मळणाऱ्या मोलकरणीला 'डॅगे' म्हणत. पुढे ती दूधदुभतं बघायला लागली आणि तिच्या कामाच्या जागेला नाव पडलं डेअरी.

आता तिसरं माणूस. इंग्लंडमधल्या केंटचा राजा एथेलबर्ट याचे सातव्या शतकाच्या सुरुवातीचे कायदे हे इंग्रजीत लिहिलेले सर्वांत जुने कायदे मानले जातात. त्यात एक कलम आहे: कुणी शेतकऱ्याच्या 'ह्लाफॅटा'ला ठार मारलं तर भरपाई सहा शिलिंग. ह्लाफॅटा म्हणजे पाव खाणारा, घरच्या अन्नावर जगणारा आश्रित. लक्षात घ्या, हा राजाचा किंवा सरदाराचा नोकर नाही. साध्या, स्वतंत्र शेतकऱ्याच्या पदरी असलेला माणूस आहे. म्हणून लॉर्ड म्हटलं की सुरुवातीलाच गढी नि घोडे डोळ्यांपुढे आणू नका. एका चुलीभोवतीचं घर आणा: एक राखणारा, एक मळणारी, एक खाणारा.

संस्कृतात अगदी हाच संसार 'भृ' या धातूवर उभा आहे. पोसतो तो भर्ता, जिला पोसायचं ती भार्या, ज्याला पोसायचं तो भृत्य. इथे मुळं वेगळी आहेत, नातं शब्दांचं नाही, विचाराचं आहे. एक बारकावा मात्र नजरेतून सुटू नये. इंग्रजीच्या घरात बाई मळते, म्हणजे तिच्या नावात काम आहे. आपल्या भार्येच्या नावात ती नुसती पोसली जाते. रोज भाकऱ्या कोण थापत होतं ते शब्द करणाऱ्यांना दिसलं नसावं!

थोडा आवरही घालतो. जुने ग्रंथ लिहिले गेले तोवर ह्लाफोर्ड म्हणजे नुसता मालक किंवा धनी झाला होता. म्हणताना कुणाच्या मनात पाव येत असेल असं समजू नये. 'सोनार' म्हणताना आपण कुठे समास सोडवतो?

याच ह्लाफचा एक सण इंग्लंडमध्ये आहे, १ ऑगस्टचा 'लॅमस', मूळ 'ह्लाफमॅसे'. नव्या गव्हाच्या पावाची ती पूजा. पुढे लोकांनी त्यात 'लॅम', म्हणजे कोकरू, शोधलं. आपण तरी काय केलं? पोर्तुगीज 'पांव' वरून आलेल्या पावाला 'पायांनी मळतात म्हणून पाव' अशी व्युत्पत्ती चिकटवलीच की.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, त्याच मजकुरातल्या 'लोफर'चा: तोही पावावरूनच आला का? नाही, तो या घरातला नाही. हा शब्द एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत दिसायला लागला आणि कोशकार बहुधा जर्मनमधल्या भटक्यासाठीच्या 'लांडलॉयफर' या शब्दाकडे बोट दाखवतात. 'फुकटचा पाव खातो तो लोफर' हे वाक्य त्या मजकुरातून खोडा आणि मग खुशाल पुढे पाठवा.