कॉपी केलेल्या ड्रॉइंगमध्ये व्ह्यू जुन्याच पार्टचे का दिसतात

तुझा घोळ मला असा समजला: सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या एका ब्रॅकेटचा पार्ट (म्हणजे थ्रीडी मॉडेल) आणि त्याचं ड्रॉइंग, दोन्ही फाइल विंडोजच्या फोल्डरमध्येच कॉपी-पेस्ट करून नावं बदललीस, नव्या पार्टमध्ये भोकं सरकवली, पण ड्रॉइंग उघडलं तर व्ह्यू, म्हणजे शीटवरची पार्टची चित्रं, जुन्याच ब्रॅकेटचे. आणि आता विचारतोयस की सगळे व्ह्यू उडवून नव्याने टाकू का. अजिबात उडवू नकोस! मेन व्ह्यू गेला की त्यावरची डायमेन्शन (मापं) जातात, त्यातून काढलेले सेक्शन (कापून दाखवलेले) आणि डिटेल (मोठे करून दाखवलेले) व्ह्यूही जातात, म्हणजे दिवसभराचं काम पाण्यात.

ड्रॉइंगच्या फाइलमध्ये खरा पार्ट नसतो, तो कुठे ठेवलाय त्याचा पत्ता असतो. तू बाहेरून नाव बदललंस ते ड्रॉइंगला कळलंच नाही, त्याच्याकडे जुनाच पत्ता आहे आणि त्या पत्त्यावर जुना पार्ट अजून जागेवर आहे, त्यामुळे एररही येत नाही.

आता असं कर. सॉलिडवर्क्समधलं सगळं बंद कर, मग फाइल ओपनमध्ये जाऊन नवं ड्रॉइंग नुसतं सिलेक्ट कर, डबल क्लिक नको, आणि खाली रेफरन्सेसचं बटण आहे ते दाब. जुन्या पार्टचं नाव दिसेल, त्यावर डबल क्लिक करून नवा पार्ट दाखव, ओके कर आणि मग ड्रॉइंग उघड. सेव्ह केल्यावर फाइल मेनूतल्या फाइंड रेफरन्सेसमध्ये जाऊन पूर्ण पाथ डोळ्याने वाच, नुसतं नाव बघून समाधान मानू नकोस.

सगळं आधी बंद कर म्हणालो ते उगाच नाही. त्या नावाची फाइल आधीच उघडी असेल तर सॉलिडवर्क्स तीच घेतं, मग ती कुठल्याही फोल्डरमधली असो. मी भोसरीला एका वर्कशॉपमध्ये होतो तेव्हा दोन प्रोजेक्टच्या दोन फोल्डरमध्ये 'बेस प्लेट' याच नावाचे दोन पार्ट होते, एक उघडा ठेवून मी दुसऱ्याचं ड्रॉइंग उघडलं, लेझर कटिंगला डीएक्सएफ (कटिंग मशीनसाठीची ड्रॉइंग फाइल) पाठवली आणि ४० प्लेट ९ ऐवजी ११ च्या भोकाने कापून आल्या. तेव्हापासून एक नाव दोनदा वापरायचं नाही हे मी पक्कं पाळतो, नावात पार्ट नंबर टाकतोच.

आता डायमेन्शनचं. तुझा नवा पार्ट जुन्याचीच कॉपी आहे हे फार बरं झालं, कारण डायमेन्शन एजच्या (मॉडेलच्या कडेच्या) सॉफ्टवेअरमधल्या आतल्या ओळखीला चिकटलेलं असतं, ती एज दिसते कशी याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तू भोक नुसतं सरकवलं असशील तर आकडा आपोआप बदलेल. पण भोक डिलीट करून नवं केलं असशील तर ते डायमेन्शन मळकट पिवळसर दिसेल, म्हणजे डँगलिंग, ज्या एजला ते जोडलं होतं तीच आता नाही. त्यावर क्लिक केलंस की सुटलेल्या टोकाला लाल हँडल दिसतं, ते धरून नव्या एजवर सोड, झालं. हेच कुणी पार्ट शून्यापासून मॉडेल केला आणि ड्रॉइंगमध्ये रिप्लेस मॉडेल कमांडने जुन्याच्या जागी बसवला, तर दोन्ही पार्ट दिसायला अगदी सेम असले तरी बरीचशी डायमेन्शन सुटतात आणि मग एकेक जोडत बसावं लागतं.

पुढच्या वेळी विंडोजमधून कॉपी करूच नकोस. जुनं ड्रॉइंग उघड, पॅक अँड गो (ड्रॉइंग आणि त्याला जोडलेल्या फाइल एकत्र कॉपी करणारी सॉलिडवर्क्सची कमांड) घे, तिथेच ड्रॉइंगला आणि पार्टला नवी नावं दे. नवं ड्रॉइंग नव्या पार्टलाच जोडलेलं निघतं आणि जुन्या जोडीला धक्का लागत नाही. सेव्ह अॅजनेही जमतं पण त्यात ड्रॉइंग उघडं असताना पार्ट सेव्ह अॅज केला आणि चुकून ते जुनं ड्रॉइंग सेव्ह झालं तर जुनं ड्रॉइंगच नव्या पार्टला जाऊन चिकटतं, हे नव्या पोरांकडून होताना मी बघितलंय.

आणि प्रिंट काढायच्या आधी टायटल ब्लॉक, म्हणजे शीटवरचा नाव-नंबरचा चौकोन, बघ. तिथला पार्ट नंबर मॉडेलच्या कस्टम प्रॉपर्टीतून (पार्टच्या फाइलमध्ये भरून ठेवलेल्या माहितीतून) येत असेल तर तुझ्या कॉपी केलेल्या पार्टमध्ये अजून जुनाच नंबर बसलाय. पार्ट उघडून फाइल प्रॉपर्टीजमध्ये तो बदल, मगच शीट पुढे दे.