वाचक विचारतात : पहिल्या प्रवाळ-टाकीसाठी प्रोटीन स्किमर कोणता घ्यावा?

प्रश्न : गेली आठ वर्षे मी गोड्या पाण्यातील मासे पाळत आहे. आता दिवाणखान्यात तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी बसवण्याचे ठरवले असून तिच्याखाली सम्पही, म्हणजे उपकरणे ठेवायची दुसरी लहान टाकीही, असेल. दोन क्लाऊनफिश, एक गोबी, एक क्लीनर कोळंबी आणि थोडी प्रवाळे एवढाच संसार ठेवण्याचा विचार आहे. दुकानदार म्हणतात की स्किमर जितका मोठा तितका चांगला, आणि त्यांनी एक हजार लिटर क्षमतेचा स्किमर सुचवला आहे. माझी बहीण न्यू जर्सीला असते. डिसेंबरात येताना ती तिकडून स्किमर आणायला तयार आहे. मी काय करावे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : टाकीखालचे कपाट आपण अजून सुताराकडे दिले नसेल, तर कृपया थोडे थांबावे. पहिल्या टाकीत बहुतेकांचा क्रम उलटा होतो. आधी कपाट होते, मग त्यात मावेल तो सम्प येतो आणि शेवटी त्या सम्पात कसाबसा बसणारा स्किमर शोधला जातो. स्किमर आधी ठरवून त्याच्या मापाने सम्प आणि सम्पाच्या मापाने कपाट करून घेतले, तर पुढची अनेक वर्षे सोयीची जातात. असे का, ते पुढे येईलच. आधी हे यंत्र काय करते ते पाहू.

गुऱ्हाळात काहिलीतला उसाचा रस तापू लागला की मळी वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. रसातली घाण फेसाबरोबर वर येते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. स्किमरचे कामही याच जातीचे आहे, मात्र येथे उष्णतेऐवजी हवा काम करते. माशांची विष्ठा, उरलेले खाद्य आणि प्रवाळांचा चिकट स्राव यांतून पाण्यात जे सेंद्रिय रेणू मिसळतात, त्यांतल्या पुष्कळांचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते आणि दुसरे पाण्यापासून दूर पळते. असा रेणू हवेच्या बुडबुड्याला भेटला की पाणी टाळणारे टोक बुडबुड्याकडे करून तो त्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहतो. असे लक्षावधी बारीक बुडबुडे नळकांड्यातून वर चढतात, गळ्याशी त्यांचा दाट फेस होतो आणि तो वरच्या कपात जाऊन तपकिरी, दुर्गंधी पाण्याच्या रूपाने साचतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत सहज मिसळत नाहीत, बारीकच राहतात. म्हणून ही युक्ती येथे चालते आणि आपल्या गोड्या पाण्याच्या टाकीत आपल्याला तिची गरज पडली नाही, तिचा उपयोगही झाला नसता.

यातून दोन गोष्टी निघतात. स्किमर नायट्रेट किंवा फॉस्फेट थेट काढत नाही. ज्या पदार्थांच्या कुजण्यातून ती तयार होतात, त्यांतला काही भाग तो कुजण्याआधीच बाहेर काढतो. दुसरे म्हणजे पाण्यात एवढी हवा घुसळली गेल्याने प्राणवायू भरपूर मिळतो आणि साचलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, म्हणून हा दुसरा लाभ मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो.

आता मापाकडे येऊ. आपली टाकी काठोकाठ भरली तर सुमारे १९० लिटर पाणी मावेल. वरची मोकळी जागा आणि आतले दगड वजा केले की खरे पाणी १५० लिटरच्या आसपास राहील. सम्पातले ४० लिटर धरले तर सगळे मिळून १९० लिटर झाले. खोक्यावरची क्षमता मात्र केवळ लिटरची नसते. ‘४०० लिटरपर्यंत’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असले, तरी बारीक अक्षरांत बहुधा तो आकडा मोजके मासे असलेल्या टाकीसाठी असतो आणि मासे दाटीने असतील तर तोच स्किमर निम्म्या पाण्याला पुरतो. म्हणून स्किमर निवडताना विचार करायचा तो टाकीत रोज किती खाद्य पडणार याचा. तीन लहान मासे आणि एक कोळंबी हा अगदी हलका भार आहे.

प्रवाळांचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे आणि तो थोडा विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते. ‘मोठा स्किमर हवाच’ हा आग्रह मुख्यतः दगडी सांगाड्याची, विशेषतः फांद्यांची प्रवाळे पाळणाऱ्या परदेशी शौकिनांकडून आपल्याकडे आला. त्या प्रवाळांना अतिशय स्वच्छ, पोषकद्रव्ये कमी असलेले पाणी लागते. आपल्याकडे मात्र सगळी दगडी प्रवाळे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना वाघाच्या पंक्तीचे संरक्षण आहे. दुकानात एखादे विकायला ठेवलेले दिसले म्हणून ते वैध ठरत नाही. ते आणू नये. मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा उचलू नये आणि टाकीत दगड म्हणून कृत्रिम, चिनी मातीचेच घ्यावेत. आपल्यासाठी उरतात ती मशरूम, झोअँथिड, लेदर यांसारखी मऊ प्रवाळे, आणि तीही खरेदीची पावती व मूळ ठाऊक असेल तरच घ्यावीत. ही प्रवाळे अतिस्वच्छ पाण्यात उलट मलूल होतात. नायट्रेट लिटरला दोन ते दहा मिलिग्रॅम राहिले तर ती चांगली फुलतात, आणि नायट्रेट व फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणले तर फिकी पडू लागतात. शिवाय अशा पाण्यात डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, चिकट थर माजण्याची भीती असते. एक हजार लिटरच्या स्किमरची शिफारस येथेच लंगडी पडते.

तिची दुसरी अडचण यंत्रातच आहे. गळ्यात फेस टिकायचा तर बुडबुड्यांना चिकटण्याइतके सेंद्रिय पदार्थ पाण्यात सतत येत राहावे लागतात. मोठ्या स्किमरचा गळा रुंद असतो. भार हलका असेल तर त्यात फेस अर्ध्यावर येतो, फुटतो आणि परत खाली जातो. मी स्वतः पहिल्या टाकीत १६० लिटर पाण्यावर ६०० लिटरचा स्किमर लावला होता. कप सहा-सहा दिवस कोरडा राही, मग एखाद्या रात्री जरा जास्त खाद्य पडले की भरून वाहू लागे. तो बदलून निम्म्या क्षमतेचा लावला, त्यानंतर दर दोन दिवसांनी कपात गडद पाणी नेमाने दिसू लागले.

महाग स्किमर म्हणजे त्याच प्रमाणात स्वच्छ पाणी, हीही समजूत तपासून घ्यावी. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वेगवेगळ्या रचनांचे स्किमर मोजून पाहिले, तेव्हा पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनपैकी केवळ २० ते ३५ टक्केच भाग स्किमरने निघतो, असे त्यांना आढळले. उरलेला भाग बुडबुड्याला चिकटतच नाही. त्यासाठी सक्रिय कार्बनची पिशवी, जिवाणू आणि नियमित पाणीबदल यांचाच आधार घ्यावा लागतो. म्हणून जास्तीचे पैसे खर्च करायचेच असतील तर ते शांत चालणाऱ्या पंपासाठी, सहज निघणाऱ्या कपासाठी आणि सुटे भाग मिळण्याच्या खात्रीसाठी करावेत.

आता कपाटाकडे. सम्पात ठेवायच्या प्रत्येक स्किमरला पाण्याची ठरावीक खोली लागते; ती बहुधा १८ ते २२ सेंटिमीटर असते आणि माहितीपत्रकात लिहिलेली असते. पाणी एक-दोन सेंटिमीटरने वरखाली झाले तरी फेस बिघडतो, म्हणून स्किमरचा कप्पा असा हवा की पाणी काचेच्या आडपट्टीवरून पुढे ओसंडेल आणि त्या कप्प्यातली पातळी कायम एकच राहील. बाष्पीभवनाने होणारी घट नेहमी शेवटच्या, म्हणजे पाणी वर टाकीत परत पाठवणाऱ्या रिटर्न पंपाच्या कप्प्यात दिसली पाहिजे. कप्पा खोल झालाच तर स्किमरखाली ॲक्रिलिकचा पाट ठेवून तो उचलता येतो. उथळ झाला तर उपाय उरत नाही. स्किमरची उंची ४५ सेंटिमीटर असेल तर त्याच्यावर आणखी निदान १५ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी, कारण कप सरळ वर उचलूनच निघतो. ज्या घरी कप काढणे अवघड असते, त्या घरी तो धुतला जात नाही, आणि गळ्याला आतून मेणासारखा चिकट थर चढला की उत्तम स्किमरही फेस वर ढकलू शकत नाही. आठवड्यातून दोनदा गळा पुसणे हे कोणतेही मॉडेल निवडण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

बहिणीने आणायच्या स्किमरबाबत माझे मत स्पष्ट आहे : साधा विजेवर थेट चालणारा पंप असेल तर आणू नये. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असते, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट कमी करता येतात, हर्ट्झ मात्र तेच राहतात. आणि या पंपांचा वेग हर्ट्झवरच ठरतो. तिकडे मिनिटाला ३,६०० फेरे घेणारा पंप येथे ३,००० फेरेच घेईल, हवा कमी ओढेल आणि ज्या प्रमाणासाठी स्किमर घडवला आहे ते प्रमाणच मोडेल. २४ व्होल्टच्या डीसी पंपाचा स्किमर असेल आणि त्याच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे छापलेले असेल, तर तो येथे नीट चालेल. शिवाय त्याचा वेग कमीजास्त करता येतो, हलक्या भारासाठी ही मोठी सोय आहे. तरीही इम्पेलर, म्हणजे पंपातले फिरते चाक, तुटल्यावर नवा कोठून आणणार, हे आधी ठरवावे.

एकूण पाहता आपण सम्पात बसणारा, नीडल-व्हील पंपाचा (म्हणजे ज्याचे काटेरी चाक हवेचे बारीक बुडबुडे करते अशा पंपाचा), हलक्या भारासाठी ३०० ते ४०० लिटर लिहिलेला स्किमर घ्यावा. टाकीच्या मागे टांगायचा स्किमर सम्प असताना घेऊ नये, कारण तो वाहू लागला तर पाणी दिवाणखान्याच्या फरशीवर येते. सम्पातला वाहिला तर पाणी सम्पातच राहते.

प्रश्न : नवा स्किमर बसवून दहा दिवस झाले. पहिला आठवडा फेस आलाच नाही. परवा पाणी बदलल्यावर मात्र कप दर अर्ध्या तासाने भरू लागला, आणि त्यात साधे पांढरे पाणी होते. स्किमर सदोष आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा नाही. नव्या ॲक्रिलिकवर कारखान्यातील तेलकट अंश असतो आणि आतील पृष्ठभागावर जिवाणूंचा पातळ थर बसायला एक ते दोन आठवडे लागतात. तोवर फेस धरत नाही. टाकीही नवी असेल तर पाण्यात काढण्यासारखे फारसे काही नसते. परवाच्या प्रकाराचे कारण मला पाणीबदलात दिसते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मारणारे द्रव औषध घातले असेल, तर त्याने असा पांढरा फेस हमखास येतो. दगड चिकटवण्याच्या इपॉक्सीने आणि हाताला लावलेल्या तेलाने किंवा मलमानेही येतो. कप काढून ठेवून स्किमर दोन-तीन दिवस तसाच चालू द्यावा आणि यापुढे आरओचे पाणी वापरावे, म्हणजे औषधाची गरजच पडणार नाही. नंतर पाण्याची पातळी गळ्याच्या तळाशी ठेवून सुरुवात करावी आणि ही पातळी वरखाली करणारी झडप दिवसातून एकदाच, केसभर फिरवावी. तासातासाला फिरवत राहिल्यास कोणत्या बदलाचा काय परिणाम झाला हे कधीच कळत नाही.

वीज जाण्याचा मुद्दा आपण लिहिलेला नाही, पण तो लक्षात ठेवावा. वीज गेली की टाकीतले पाणी सम्पात उतरते. ती परत येताच स्किमर त्या चढलेल्या पातळीत सुरू होतो आणि काही मिनिटांत कप भरून वाहतो. स्किमर पाच-दहा मिनिटे उशिरा सुरू करणारा टायमर लावला की हे टळते.

प्रश्न : माझी टाकी केवळ ३५ लिटरची आहे; एक क्लाऊनफिश आणि चार मशरूम. छोटा स्किमर घ्यावा का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : घेऊ नये. एवढ्या पाण्यात दर आठवड्याला चार ते पाच लिटर पाणी बदलले तर स्किमर जे काढेल ते त्यातच निघून जाते, आणि लहान स्किमर आवाज, उष्णता व जागा यांच्या मानाने फार थोडे काम करतात. प्राणवायूसाठी पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवणारा लहान पंप पुरेसा आहे. समुद्र जवळ असला तरी पावसाळ्यात किनाऱ्याचे पाणी आणू नये. नद्यांच्या लोंढ्याने त्याची क्षारता घसरलेली असते आणि त्यात गाळ असतो. आरओच्या पाण्यात तयार मीठ मिसळून विशिष्ट गुरुत्व १.०२५ ठेवावे, आणि बदलायचे पाणी आदल्या दिवशी करून ठेवावे, म्हणजे मीठ पूर्ण विरघळते आणि पाणी खोलीच्या तापमानाला येते.