तिप्पट किमतीची बोल्ट-ॲक्शन रायफल तिप्पट अचूक असते का?

नाही. उलट, आजच्या फॅक्टरी रायफलीत अचूकता हीच सगळ्यात स्वस्तात मिळणारी गोष्ट आहे. तुम्ही विचारलंय की शिकारीसाठी साधी बोल्ट-ॲक्शन रायफल (प्रत्येक गोळीनंतर बोल्ट नावाचा दांडा हातानं मागे-पुढे सरकवावा लागतो ती) घ्यावी की तिप्पट पैसे मोजावेत, तर त्याआधी हे पैसे जातात कुठे ते बघू.

पूर्वी नळी ॲक्शनवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या यंत्रणेवर, बसवायला मुरलेला कारागीर लागायचा. काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खाचेत) नेमकं किती आत बसतं यावर सुरक्षितता आणि अचूकता दोन्ही अवलंबून, म्हणून तो घासून-मोजून नळी बसवायचा. सॅव्हेज या अमेरिकन कंपनीनं 1958 मध्ये 110 हे मॉडेल आणलं आणि नळीवर एक मोठा नट दिला. चेंबरमध्ये गेज (काडतुसाच्या मापाचा तुकडा) ठेवायचा, बोल्ट बंद करायचा, गेजला टेकेपर्यंत नळी फिरवायची आणि नट आवळायचा. काम झालं! रुगर अमेरिकनसारख्या स्वस्त रायफलीही हीच युक्ती वापरतात. त्यामुळे बऱ्यापैकी काडतुसं वापरली तर अशी रायफल 100 मीटरवर तीन-चार सेंटिमीटरच्या वर्तुळात गोळ्या टाकते. हरणाच्या छातीतला मर्माचा भाग साधारण 20 सेंटिमीटरचा, म्हणजे चूक झालीच तर ती बहुतेक वेळा आपल्या हाताची असते.

काटकसर दिसते ती दस्त्यात, म्हणजे नळीखालून खांद्यापर्यंत येणाऱ्या भागात. साच्यातून काढलेला पोकळ प्लॅस्टिकचा दस्ता पुढच्या बाजूला लवचीक असतो. रायफल टेकवली किंवा पट्टा ताणला की तो वाकून नळीला लागतो आणि गोळीची जागा बदलते. माझ्या मते स्वस्त रायफलीची खरी उणीव हीच, बाकीच्यांशी जमवून घेता येतं. चापाचंच बघा ना, सॅव्हेजच्या ॲक्युट्रिगरनंतर हलका, हवा तसा जुळवता येणारा चाप स्वस्त रायफलींतही आला.

बोल्ट मात्र हातात घेऊनच कळतो. फिनलंडच्या टिक्का टी3एक्सचं मॅगझिन (काडतुसांची पेटी) प्लॅस्टिकचं, सगळ्या काडतुसांसाठी ॲक्शनची लांबी एकच, म्हणजे बचत तिथेही आहे. पण बोल्ट असा सरकतो की बाकीचं माफ. मला विचाराल तर मधल्या किमतीत हीच घ्यावी.

आणि लोक जास्तीचे पैसे नक्की कशाला देतात? विंचेस्टर मॉडेल 70 बघा. 1936 पासून तिच्यात मॉझर या जर्मन रायफलीच्या धर्तीचा पंजा होता, जो काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच पकडतो. 1964 मध्ये कंपनीनं खर्च वाचवण्यासाठी तो काढला आणि दस्त्यावरची नक्षी कोरण्याऐवजी दाबून उमटवली. नेमबाजीत नव्या रायफली काही मागे नव्हत्या, तरी गिऱ्हाईक भडकलं. '64 पूर्वीच्या' रायफलीला आजही चढा भाव मिळतो, आणि कंपनीला पंजा पुढे परत आणावा लागला. पोलाद, अक्रोडाचं लाकूड, भरवशाची यंत्रणा यांची ती किंमत आहे, अचूकतेची नाही. हौस असेल तर खुशाल द्या. नसेल, तर वाचलेले पैसे चांगल्या दुर्बिणीवर आणि सरावाच्या काडतुसांवर घाला.

घेताना रायफल रिकामी असल्याची आधी खात्री करा. मग दस्त्याचं पुढचं टोक नळीकडे दाबून बघा. सहज टेकलं तर दुसरी दाखवायला सांगा. जादा मॅगझिन मिळतं का आणि केवढ्याला, हेही तेव्हाच विचारा. स्वस्त रायफलीत आधी तुटतं ते बहुधा तेच.