कॉर्विना हस्तलिखित मागवताना बांधणीचे फोटो आधी मागा

तुम्ही लिहिलंय की प्रबंधासाठी युरोपातल्या एका ग्रंथालयातून कॉर्विना हस्तलिखिताचे, म्हणजे पंधराव्या शतकातला हंगेरीचा राजा माथियास कॉर्विनस याच्या ग्रंथालयातल्या पुस्तकाचे, स्कॅन विकत घेतले, पण हाती आली ती फक्त मजकुराची पानं. आता ते पुस्तक खरंच माथियास राजाचं होतं आणि १५२६ मध्ये तुर्कांनी नेलं, हे दाखवायचं कसं, असा तुमचा प्रश्न आहे. मी अगदी यातूनच गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बुडाचा (आजच्या बुडापेस्टमधला) त्याचा राजवाडा, त्याची राणी बिआट्रिक्स, हे सगळं तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

माझं सर्वांत जास्त नुकसान केलं ते एका ग्रंथालयाच्या छायाचित्रण विभागानं. नाव घेत नाही. ‘संपूर्ण हस्तलिखित’ असं स्पष्ट लिहून पूर्ण फी भरली होती. आला फक्त मजकूर. बांधणी, कडा, पुठ्ठ्याची आतली बाजू, काहीच नाही. विचारलं तर म्हणे बांधणी जतन विभागाकडे. जतन विभागानं वाचनकक्षाची परवानगी मागितली, वाचनकक्षानं माझ्या संस्थेचं पत्र मागितलं, आणि पत्र दिल्यावर पुन्हा छायाचित्रण विभागाकडे बोट! या टोलवाटोलवीत शिष्यवृत्तीची मुदत संपली. अजूनही आठवलं की संताप येतो, कारण मजकूर मला इतर प्रतींमध्येही वाचता आला असता. या प्रतीचा प्रवास जिथे दिसतो, नेमकं तेच त्यांनी वगळलं होतं.

बुडात बांधलेल्या अनेक कॉर्विनांवर सोन्याचा मुलामा दिलेली कातडी बांधणी असते, मधोमध राजाचं चिन्ह, आणि पानांच्या कडाही सोनेरी-रंगीत. काहींना मखमल किंवा रेशीम. आत पहिल्या पानावर चोचीत अंगठी धरलेला डोमकावळा, आणि पानाच्या नक्षीदार चौकटीत विहीर, मधमाश्यांचं पोळं, पिंप, वाळूचं घड्याळ अशी माथियासची खास चिन्हं.

मात्र डोमकावळा दिसला की विषय संपला, असं समजू नका. माथियास १४९० मध्ये वारला तेव्हा फ्लॉरेन्समध्ये त्याच्यासाठी चाललेली कामं अर्धवट राहिली. तिथल्याच लॉरेन्शियन ग्रंथालयातलं तीन खंडी बायबल त्याच्यासाठी लिहिलं गेलं, पण बुडाला पोचलंच नाही. उलट बुडातल्या काही पुस्तकांत माथियासच्या चिन्हावर त्याच्यानंतरचा राजा व्लादिस्लाव दुसरा याचं चिन्ह रंगवलंय. म्हणून चिन्ह असलेल्या त्या ढालीचा तिरप्या उजेडात काढलेला जवळचा फोटो मागा, खालचा रंग कधीकधी उठून दिसतो.

सगळा दोष तुर्कांवर टाकणं मला तरी पटत नाही. व्लादिस्लावच्या काळातच पुस्तकं पांगायला लागली होती. राजदूत आणि विद्वान मंडळी भेट म्हणून किंवा उसनी म्हणून घेऊन गेली, व्हिएन्नाचा विद्वान आणि राजदूत क्युस्पिनियानस याच्यासारख्यांमुळे बरीच व्हिएन्नात पोचली. १५२६ च्या मोहाचच्या लढाईनंतर ऑटोमन सुलतान सुलेमाननं राजवाड्यातला ऐवज नेला हे खरंच, पण त्या लढाईत मेलेल्या राजा लायोश दुसऱ्याची विधवा मेरीही काही घेऊन निघाली. फ्लॉरेन्सचा चित्रकार अत्तावान्ते यानं चित्रांकित केलेलं ‘मिसाल’ (चर्चमधल्या प्रार्थनाविधीचं पुस्तक) तिच्यामुळेच ब्रुसेल्सला आहे. त्यावर हात ठेवून पुढे तिथले राज्यकर्ते शपथ घेत. दोन हजारांच्या आसपास पुस्तकं होती असा अंदाज आहे, त्यातली आज दोनशेहून थोडी जास्त ओळखता येतात. त्यामुळे तुमचं पुस्तक १५२६ मध्येच गेलं असं आधी ठरवून टाकू नका. इस्तंबूलहून सुलतान अब्दुल हमीद दुसरा यानं १८७७ मध्ये ३५ हस्तलिखितं बुडापेस्टला परत दिली, पण तीही सगळी माथियासची नाहीत. शिवाय परत देताना त्यांना नवी बांधणी केली. हेतू सन्मानाचा होता, पण जुना पुरावा गेला याचं मला फार वाईट वाटतं.

जुना क्रमांक आणि आजचा क्रमांक दोन्ही तपासा. फिलोस्ट्रेटसची कॉर्विना जुन्या याद्यांत व्हिएन्नाला सापडेल, ती ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांच्यातल्या १९३२ च्या व्हेनिस करारानंतर बुडापेस्टला आली. अशा वेळी चुकीच्या दारात महिने जातात. बुडापेस्टच्या राष्ट्रीय सेचेन्यी ग्रंथालयाचा डिजिटल कॉर्विना संग्रह मोफत आहे. पैसे मोजण्यापूर्वी तो पालथा घाला.

मी ग्रंथालयशास्त्र शिकलेलो नाही, आणि फी, हक्क, छपाईची परवानगी यांचे नियम जागोजागी वेगळे असतात, तेव्हा माझा शब्द अंतिम धरू नका. तरी आता नव्यानं मेल कराल तेव्हा पुढचा-मागचा पुठ्ठा, कणा, तिन्ही कडा, पुठ्ठ्यांची आतली बाजू, पहिलं आणि शेवटचं पान अशी यादीच लिहा, आणि त्यावर त्यांचा लेखी होकार आल्याशिवाय पैसे भरू नका. विद्यापीठाचं पत्र पहिल्याच मेलला जोडा. शक्य असेल तर थेट हस्तलिखित विभागाच्या अभिरक्षकांना (संग्रह सांभाळणाऱ्या क्युरेटरना) लिहा. माझ्या त्या पुस्तकाच्या बांधणीचे फोटो शेवटी अभिरक्षकांनीच पाठवले, तेही फुकट.